हिशेबापासून सुरुवात: ऊसतोड कुटुंबाची नोंद कशी करावी

ऊसतोड मजुरांवर दर हंगामात बातम्या येतात आणि बहुतेक एकाच साच्यातल्या असतात. पाचटाची कोप म्हणजे झोपडी, उसाच्या फडाच्या कडेला झोळीत झोपलेलं बाळ, हाताला पडलेले घट्टे, आणि शेवटी ‘शासनाने लक्ष द्यावे’. असं वाचून हळहळ वाटते, पण कारखान्याला, मजूर पुरवणाऱ्या मुकादमाला किंवा कामगार खात्याला एकाही प्रश्नाचं उत्तर द्यावं लागत नाही. तेच कुटुंबाचा एका हंगामाचा हिशेब कागदानिशी छापला, तर कोणाला ना कोणाला तो खोडून काढावा लागतो किंवा मान्य करावा लागतो. म्हणून पत्रकारांसाठीच्या या मार्गदर्शिकेत सगळ्यात जास्त जागा हिशेबाला दिली आहे. उदाहरणं बीड जिल्ह्यातली आहेत: धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा, केज या तालुक्यांतून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडे बेळगावकडे जाणारी कुटुंबं.

कधी गाठायचं

ऊसतोडीचं वर्ष इंग्रजी महिन्यांनी चालत नाही. पावसाळ्यात उचल म्हणजे मजुरीपोटीची आगाऊ रक्कम ठरते, दसरा-दिवाळीच्या आगेमागे गाड्या भरतात, साधारण मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडतो म्हणजे गाळप संपतं, मग हिशेब होतो आणि लगेच पुढच्या उचलीची बोलणी सुरू होतात. एखादं कुटुंब नीट समजून घ्यायचं तर चार वेळा भेटावं: निघण्यापूर्वी गावात, हंगामाच्या मध्यावर फडात, पट्टा पडल्यावर पुन्हा गावात, आणि नवी उचल घेताना. एकच फेरी शक्य असेल तर फडावर जाऊ नका. पट्टा पडल्यावरच्या पंधरवड्यात गावात जा. तेव्हा हिशेब ताजा असतो, कागद घरात असतात आणि माणसाला बसून बोलायला उसंत असते. फडातले फोटो चांगले येतात हे खरं, पण मुलाखती तिथे अर्धवट होतात.

तरी फडात जायचंच असेल तर वेळ सांभाळा. बाई पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापते आणि उजाडायच्या आत टोळी फडात असते. मोळी बांधण्याच्या किंवा गाडी भरण्याच्या वेळी माणसाला अर्धा तास थांबवणं म्हणजे त्याचा ऊस कमी करणं. गाडी भरून गेल्यावर दुसरी येईपर्यंत, किंवा कारखान्यात बिघाड होऊन तोड थांबलेली असेल त्या दिवशी बोला. संध्याकाळी कोपीवर गेलात तर पुरुष मोकळे सापडतील, बाई चुलीपाशी असेल, आणि तुमच्या वहीत सगळी उत्तरं पुरुषांचीच येतील. बऱ्याच वार्तांकनात बायकांचा आवाज नसतो त्याचं एक कारण इतकं साधं आहे.

टोळीत शिरताना

कारखान्याच्या गाडीतून, शेतकी विभागाच्या माणसाबरोबर किंवा ऊसमालकाच्या मोटरसायकलवर बसून टोळीत जाऊ नका. तुम्ही कोणाचे, हे त्या पहिल्या मिनिटात ठरतं आणि नंतर बदलत नाही. गावातल्या ओळखीने या: आशाताई, शाळेतले गुरुजी, मजुरांच्या संघटनेचा कार्यकर्ता. आधी सगळ्या टोळीसमोर उघडपणे सांगा की पत्रकार आहात, कोणासाठी लिहिता, काय लिहिणार आहात. सर्वेक्षणाला आलोय, योजनेची माहिती घ्यायला आलोय असं चुकूनही म्हणू नका. योजनेच्या आशेवर दिलेली उत्तरं योजनेला शोभतील अशी असतात.

मुकादमाला टाळून चालत नाही. तो बहुतेकदा त्याच गावचा, त्याच भावकीतला असतो, आणि तुम्ही आल्याचं त्याला तासाभरात कळतं. त्याला भेटा, त्याचीही मुलाखत घ्या, पण कुटुंबाची मुलाखत त्याच्यासमोर घेऊ नका. तो खाटेवर येऊन बसलाच तर पिकपाण्याचं बोला, वही मिटा आणि दुसऱ्या दिवशी या.

मोठ्या बाईला मावशी किंवा आजी, बरोबरीच्या बाईला ताई, पुरुषाला दादा, मामा. वीस वर्षांच्या मजुरालाही ‘तुम्ही’च. शहरातून आलेला माणूस मजुराला पहिल्या वाक्यात अरे-तुरे करतो हे तिथे लगेच टिपलं जातं, बोलून मात्र कोणी दाखवत नाही.

संमती एकदा घेऊन भागत नाही

‘छापू का?’ ला ‘छापा की’ असं उत्तर येतं, आणि त्याला फारसा अर्थ नसतो. चार गोष्टींसाठी वेगवेगळं विचारा: नाव, चेहरा, गाव, आकडे. प्रत्येकाच्या पुढे काय होऊ शकतं ते सांगा. ‘तुमचं नाव आणि उचलीचा आकडा दोन्ही छापलं तर मुकादमाला कळेल. पुढच्या वर्षी त्याने उचल नाकारली तर?’ असं थेट विचारलं की माणूस खरा विचार करून उत्तर देतो. संमती फोनवर रेकॉर्ड करा. अंगठ्याचा कागद मागू नका, कारण उचलीच्या बाँडवर उठवलेल्या अंगठ्याची आठवण ताजी असते. नवरा-बायकोची संमती स्वतंत्र घ्या. छापण्याच्या आदल्या दिवशी फोन करून त्यांच्याबद्दलचा मजकूर वाचून दाखवा आणि तेव्हा नकार आला तर तो मानाच.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं नाही. तालुका, कारखाना, मुलांची संख्या आणि एखादा अपघात एवढं एकत्र आलं की गावातल्या कोणालाही घर ओळखता येतं. कारखान्याचं नाव जनहितासाठी छापायला हवं असेल तर कुटुंबाचा तालुका काढा. तालुका हवा असेल तर मुलांचा तपशील गाळा. वयं मात्र ‘तिशीतली’, ‘चाळिशीच्या पुढची’ अशी ढोबळच लिहा. खोटं वय लिहू नका, कारण मग बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जातो.

हिशेबाची वही

‘महिन्याला किती मिळतात?’ हा प्रश्न विचारूच नका. इथे महिना नाही आणि पगारही नाही. जोडप्याला एक कोयता धरतात, एकट्या माणसाला अर्धा कोयता. पैसे टनावर मोजतात आणि ते आधीच उचल म्हणून घेतलेले असतात. म्हणजे मजूर हंगामभर पैसे कमवत नाही, फेडत असतो. त्यामुळे वहीत ‘घेतले’ आणि ‘फिटले’ अशा दोन बाजू करा.

‘घेतले’च्या बाजूला: मागच्या वर्षीची अंगावरची बाकी, त्यावर व्याज लावलं का आणि किती, या वर्षीची उचल, ती एकरकमी की हप्त्याने, रोख की खात्यावर, हंगामात दर पंधरवड्याला घरखर्चासाठी मिळालेली खर्ची, दवाखाना, लग्न, मयत यासाठी मध्येच घेतलेली रक्कम, आणि खाडे. खाडा म्हणजे कामावर न आल्याचा दिवस. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर मुकादम दंडही कापतो. आजारपण, बाळंतपण, मुलाचा ताप यातला प्रत्येक खाडा वेगळा लिहा. पुढे बातमीत याच ओळी सगळ्यात जास्त बोलतात.

‘फिटले’च्या बाजूला: किती टन तोडला, दर काय लागला, वाढे विकून काय आलं. वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांच्या चाऱ्यासाठी विकले जातात. बरीच कुटुंबं रोजचं मीठ-मिरची त्यावर भागवतात, आणि विचारल्याशिवाय हे कोणी सांगत नाही.

आता दर. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ (सहकारी कारखान्यांची संघटना) आणि ऊसतोड संघटना यांच्यात ठरल्याप्रमाणे तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला आणि मुकादमाचं कमिशन १९ वरून २० टक्के झालं. करार तीन वर्षांसाठी होता, तेव्हा तुमच्या हंगामाला कोणता दर लागू आहे ते आधी तपासा. बैलगाडीवाल्यांना तोडणीशिवाय वाहतुकीचे पैसे अंतरानुसार मिळतात. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळीतला मजूर डोक्यावर मोळी वाहून गाडी भरतो, त्याचा हिशेब निराळा. या दोघांची तुलना करणारी बातमी पहिल्याच वाक्यात चुकते.

आकडेमोड कशी करायची याचा हा नमुना. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या कुटुंबाचे तिथे भरा. जोडपं दिवसाला २ टन तोडतं आणि प्रत्यक्ष तोड १३० दिवस चालते. एकूण २६० टन, गुणिले ३६६, म्हणजे ९५,१६० रुपये. उचल १,००,०००. खर्ची पंधरवड्याला १,५०० प्रमाणे दहा वेळा, १५,०००. पाच खाडे, प्रत्येकी ५०० दंड, २,५००. घेतले १,१७,५००, फिटले ९५,१६०. अंगावर बाकी २२,३४०. पुढच्या वर्षी हे कुटुंब २२,३४० रुपये मागे असताना निघणार.

मजुरीची किमान वेतनाशी तुलना करताना एक चूक नेहमी होते. ९५,१६० ला १३० दिवसांनी आणि दोन माणसांनी भागलं तर माणशी दिवसाला ३६६ येतात. पण घर सोडल्यापासून परत येईपर्यंत १५० दिवस गेले असतील, गाडीची वाट पाहणं, पाऊस, कारखान्याचा बिघाड धरून, तर तोच आकडा ३१७ वर येतो. मजुराने कोपीत काढलेला प्रत्येक दिवस मोजा. दिवसाचे तासही लिहा, कारण गाडी रात्री आली तर भरणी रात्रीच होते. मग कामगार आयुक्तालयाच्या त्या काळाच्या अधिसूचनेतला दर शेजारी ठेवा.

लोकांना तारखा आठवत नाहीत म्हणून उत्तर अंदाजे घेऊ नका. ‘संक्रांतीला कुठल्या फडात होता?’, ‘महाशिवरात्रीला खर्ची मिळाली होती का?’ असं विचारलं की साखळी जुळते. तोच हिशेब नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळा विचारा. तफावत आली तर गोंधळू नका, कारण ती बहुधा माहितीच असते: उचल घेताना बाईला आकडा सांगितलेलाच नसतो.

कागद

तोंडी हिशेबाला कागदाचा आधार लागतो. शोधायचे कागद असे: वजनाची पावती, उचलीचा स्टॅम्पपेपर, मुकादमाच्या वहीचं पान, बँकेचं पासबुक, ऊसतोड मजुराचं ओळखपत्र, रेशनकार्ड.

वजनाची पावती वाचताना जपा. बैलगाडीची पावती बहुधा त्या एका जोडप्याची असते. ट्रक किंवा ट्रॅक्टरची पावती आख्ख्या टोळीची असते, आणि त्यातला वाटा कारखान्याच्या कागदावर नसून मुकादमाच्या वहीत असतो. कारखान्याने किती टनाचे पैसे दिले आणि कुटुंबाच्या नावावर किती टन पडले, यातला फरक शोधायचा तर सलग आठ-दहा दिवसांच्या पावत्या आणि टोळीतल्या कोयत्यांची संख्या एकत्र लागते. एका पावतीवरून काटामारीचा, म्हणजे वजनात फसवल्याचा, आरोप करू नका.

स्टॅम्पपेपरवर काय लिहिलंय हे मजुराला बहुधा वाचून दाखवलेलं नसतं. अनेकदा त्यावर ‘हातउसने’ असं असतं, कामाचा उल्लेखच नसतो. शिवाय कारखान्याचा करार वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी असतो, मजुराशी नसतो. मजूर कोणाचा, या प्रश्नावर सगळे जण दुसऱ्याकडे बोट दाखवतात ते या कागदांच्या जोरावर. दोन्ही कागद मिळाले तर बातमीचा कणा तयार झाला.

कागदाचा फोटो काढताना तो सपाट जमिनीवर, सावलीत, चारही कोपरे दिसतील असा काढा. मूळ कागद स्वतःकडे कधीच घेऊ नका, झेरॉक्ससाठीसुद्धा नाही.

सरकारी बाजूची माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांत लागतो, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. एक खाचखळगा आहे: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालामुळे सहकारी संस्था आपोआप ‘सार्वजनिक प्राधिकरण’ ठरत नाहीत, त्यामुळे सहकारी साखर कारखान्याला थेट केलेला अर्ज बहुधा परत येतो. तीच माहिती पुण्याचं साखर आयुक्तालय, जिल्हा परिषद, कामगार उपायुक्त कार्यालय किंवा गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडून मागा. ‘काय उपाययोजना केल्या?’ असं विचारू नका, त्यावर परिपत्रकं येतात. ‘अमुक तालुक्यात अमुक तारखेपर्यंत किती ओळखपत्रं दिली, किती हंगामी वसतिगृहं सुरू झाली, प्रत्येकात किती मुलं’ असं विचारा.

गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया

२०१९ मध्ये हा विषय देशभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक महिला ऊसतोड मजुरांची पाहणी केली आणि त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. ‘पाळीमुळे खाडा होऊ नये म्हणून बायकांनी गर्भाशय काढलं’ हे एकच कारण तेव्हा मथळ्यात गेलं आणि आजही जातं. ते अपुरं आहे. फडात शौचालय नाही, धुवायला पाणी नाही, त्यातून होणारा जंतुसंसर्ग, कमी वयातली लग्नं आणि बाळंतपणं, खासगी दवाखान्यात घातलेली कॅन्सरची भीती, आणि शस्त्रक्रियेसाठी मुकादमाकडून घेतलेली उचल, हे सगळं त्यात आहे.

ही मुलाखत बाईनेच घ्यावी. पुरुष पत्रकार असाल तर सहकारी बाईला घेऊन जा आणि स्वतः अंगणाबाहेर थांबा. सासू जवळ असतानाही विचारू नका. मागायचे कागद: डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफीचा अहवाल, काढलेल्या भागाचा तपासणी अहवाल, बिल. विचारायचं काय? आधी काय त्रास होता, किती डॉक्टरांना दाखवलं, औषधं किती दिवस दिली, अंडाशयही काढलं का, पैसे कुठून आणले, नंतर किती दिवसांनी कोयता हातात घेतला. कागद स्वतंत्र स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा. डॉक्टरवर ठपका ठेवणारं वाक्य त्याशिवाय लिहू नका.

लैंगिक अत्याचाराबद्दल कोणी सांगितलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार पीडितेची ओळख उघड होईल असं काहीही छापणं गुन्हा आहे. टोळी, फड, नात्यातल्या माणसाचं नाव, सगळं त्यात आलं.

मुलं

कोयता हातात घेतलेल्या मुलाचा फोटो संपादकाला आवडतो. पण कामगार कायदा मोडून कामाला लावलेलं मूल बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ ठरतं आणि कलम ७४ प्रमाणे त्याचं नाव, पत्ता, शाळा, चित्र छापता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आईवडिलांची संमती इथे उपयोगाची नाही.

शाळेबद्दल मुलाला न विचारता गावच्या शाळेतलं हजेरीपत्रक पाहा. दिवाळीनंतर अनेक नावांपुढे काय भरलंय? ‘स्थलांतरित’, गैरहजर, की सरळ हजर? घरी आजी-आजोबांजवळ राहिलेल्या मुलींची वेगळी नोंद करा. बालविवाहाचा प्रश्न त्याच घरात असतो.

फोटो आणि आवाज

फोनमधली लोकेशनची नोंद निघायच्या आधीच बंद करा. गाडीचा नंबर, कोपीवरचं कारखान्याचं नाव, मागे दिसणारं देऊळ, हे सगळं फोटोतून ठिकाण सांगतं. फडात पाचटाचा आवाज इतका असतो की रेकॉर्डिंग ऐकू येत नाही. कॉलरचा माइक लावा किंवा बांधावर या. चार्जिंगची सोय नसते, पॉवर बँक न्या आणि मजुराच्या एकुलत्या दिव्याच्या बॅटरीवर फोन लावू नका. (हे होतं, म्हणून लिहिलं.)

वेठबिगारी दिसली तर

‘वेठबिगार’ हा शब्द विशेषण म्हणून वापरू नका, त्याच्यामागे कायदा आहे. उचल फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जाऊ देत नाहीत, मारहाण, माणूस डांबून ठेवणं, घरातल्या कोणाला तारण ठेवणं, यातलं काही दिसलं तर तारीख, ठिकाण, साक्षीदार लिहा. १९७६ च्या वेठबिगार पद्धत निर्मूलन कायद्यानुसार असं कर्ज रद्द होतं, आणि कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर असते. सुटका झालेल्या मजुराला केंद्राच्या २०२१ च्या योजनेतून जिल्हाधिकारी ३० हजारांपर्यंत तातडीची मदत देऊ शकतात.

माणूस अजून डांबलेला असेल तर बातमी थांबते. आधी जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांना लेखी कळवा, त्याची पोच ठेवा, मूल असेल तर १०९८ ला फोन करा. आधी बातमी छापली तर रात्रीतून टोळी दुसऱ्या फडावर हलते आणि पथकाला रिकाम्या कोपी सापडतात. दुसरी बाजूही खरी आहे: उचल घेऊन न आलेले मजूर असतात आणि त्या उचलीपायी स्वतःचं शेत गहाण पडलेले मुकादमही असतात. त्याने मारहाण क्षम्य ठरत नाही, पण पैशाची साखळी कारखान्यापासून सुरू होते हे त्यातूनच दिसतं.

छापण्याआधी आणि नंतर

मुकादम, वाहतूकदार आणि कारखाना या तिघांना प्रश्न लेखी पाठवा, उत्तराला चार-पाच दिवस द्या, आणि प्रश्नांत कुटुंबाचा नेमका आकडा देऊ नका. ‘२२,३४० बाकी’ असं लिहिलं की मुकादम वही उघडून नाव काढतो. ‘हंगामाअखेर वीस हजारांच्या पुढे बाकी राहिलेल्या किती जोड्या?’ असं विचारा. छापतानाही आकडा जवळच्या हजारात द्या.

मुलाखतीचे पैसे देऊ नका, वचनही देऊ नका. कोणी आजारी असेल तर दवाखान्यात पोचवणं ही माणुसकी झाली, ती करा आणि बातमीत तसं नमूद करा. बातमीखाली मदतीचं आवाहन टाकायचं असेल तर त्या एका कुटुंबाचं खातं देऊ नका. गावात त्यावरून भांडणं होतात आणि मुकादमाची बाकी त्याच पैशातून वसूल होते.

छापून आल्यावर अंक घरी पोचवा किंवा मजकूर फोनवर वाचून दाखवा. मग आषाढ-श्रावणात, उचल वाटप सुरू असताना, पुन्हा फोन करा: उचल मिळाली का, नेहमीच्याच मुकादमाकडून की दुसऱ्याकडून, आकडा कमी झाला का. कमी झाला असेल तर त्याची नोंद आधीच्याच वहीत करा आणि कामगार उपायुक्त कार्यालयात तक्रार दिली असेल तर तिचा क्रमांक त्या नोंदीपुढे लिहा.